कोरियन काकूंनी मानलेला पाळक

कोरियन माणसं आपल्या चर्चच्या पाळकाला किती जपतात, हे मी ऐकीव माहितीवर सांगत नाही. सप्टेंबरपासून नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगपर्यंत, जवळजवळ तीन महिने, तो सगळा मानपान मी स्वतः उपभोगला आहे. अडचण एवढीच की मी पाळक नाही.

मी नेपरव्हिलमध्ये राहणारा, पन्नाशीला टेकलेला सॉफ्टवेअरमधला माणूस. स्वभाव असा, की पिवळ्या सिग्नलवर गाडी काढली तरी संध्याकाळपर्यंत मनाला टोचत राहतं. दुकानात चाखायला ठेवलेल्या चीजचा दुसरा तुकडा उचलायचा तर मी बायकोला पुढे करतो. अशा माणसाने तीन महिने दुसऱ्याचा मान कसा खाल्ला, हे मला अजून नीट कळलेलं नाही. लिहून बघतो.

आम्ही मराठी ख्रिस्ती. शिकागोच्या पश्चिमेकडच्या उपनगरांत मिळून आमची दहा-बारा घरं असतील; कोणी नगरचं, कोणी पुण्याचं, कोणी नागपूरचं. स्वतःचं चर्च बांधण्याइतके आम्ही नाही, आणि इंग्रजी उपासनेत आमचं मन रमत नाही. म्हणून एका कोरियन चर्चने आम्हाला रविवारी दुपारी दोन वाजता त्यांचा तळघरातला हॉल वापरायला दिला आहे. त्यांची उपासना सकाळी वरच्या मजल्यावर. मग सगळे खाली येऊन एकत्र जेवतात, पावणेदोनपर्यंत भांडी होतात, आणि दोनच्या सुमारास ते पुन्हा वर जातात, गायनाच्या तालमीला. आमच्या पेटी-तबल्याचा आवाज वर जाऊ नये म्हणून जिन्याचं दार आम्ही लावून घेतो. एकाच छपराखाली दोन मंडळ्या, पण एकमेकांची तोंडं दिसतात ती स्वयंपाकघरासमोरच्या पॅसेजमध्ये, पंधरा मिनिटं. आमच्यात उपदेश कोण करतं, हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

उपदेश करतात ते आमचे पाळकसाहेब. नगर जिल्ह्यातल्या खेड्यांत चाळीस वर्षं सेवा करून निवृत्त झालेले, पत्नी गेल्यावर मुलीकडे इथे आलेले. अंगकाठी बारीक, तपकिरी स्वेटर, मुलीने घेऊन दिलेले पांढरे स्पोर्ट्स शूज, आणि ऑक्टोबर लागला की कानटोपी. खेड्यातल्या चर्चमध्ये ते स्वतःच झाडू मारायचे, घंटा वाजवायचे, सतरंज्या घालायचे आणि मग हात धुऊन उपदेशाला उभे राहायचे. इथेही तसंच. एक वाजता येणार, टेबलं पुसणार, खुर्च्या मांडणार, कचऱ्याच्या पिशव्या बांधून बाहेर ठेवणार. आम्ही सगळे इंजिनिअर दोनला पाच कमी असताना पोचायचो. "साहेब, तुम्ही कशाला करता?" असं दर रविवारी म्हणायचो. म्हणायचो आणि मांडलेल्या खुर्च्यांवर बसायचो.

मी मंडळीचा सेक्रेटरी. हॉलच्या किल्ल्या माझ्याकडे. देवाच्या घरी जाताना इस्त्रीचे कपडे हवेत ही वडिलांनी लावलेली सवय, त्यामुळे मी सुटात असतो, हातात चामडी वेष्टणाचं बायबल. हॉलचं सगळं ज्यांच्याशी ठरलं होतं ते कोरियन गृहस्थ उन्हाळ्यात दूर चँडलर गावी नोकरी लागून निघून गेले आणि त्यांचं काम स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या एका काकूंकडे आलं. सत्तरीच्या, ठेंगण्या, कुरळे केस, जांभळा एप्रन. त्यांची आणि माझी पहिली भेट सप्टेंबरात झाली. मी त्या दिवशी लवकर गेलो होतो. पॅसेजमध्ये काकू समोरून आल्या. त्यांनी माझा सूट पाहिला, टाय पाहिला, बायबल आणि किल्ल्या पाहिल्या. माझ्या मागून पाळकसाहेब कचऱ्याची काळी पिशवी ओढत चालले होते.

काकू कमरेत वाकल्या. अगदी पूर्ण वाकल्या. "पास्टर," त्या म्हणाल्या, "तुमच्या येण्याने आमचं घर भरलं." मग आत जाऊन त्यांनी एक पेटी आणली आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली. आत नऊ कोरियन पेअर, मोठ्या सफरचंदाएवढे, सोनेरी सालीचे, प्रत्येकाला पांढऱ्या फोमची जाळी, जणू औषधाच्या बाटल्या.

(आमचं बोलणं इंग्रजीत झालं. त्यांचं तुटक, माझं घाबरट. इथे मराठीत लिहितोय.)

मी खुलासा करायला तोंड उघडलं होतं, हे मी शपथेवर सांगतो. पण त्याच आठवड्यात ऑफिसमध्ये माझ्या अठ्ठावीस वर्षांच्या मॅनेजरने, एक पाय खुर्चीवर घेऊन, मला "जरा स्पीड वाढवा" असं सांगितलं होतं. घरी मुलगी माझ्याशी बोलायचं असेल तर एकाच कानातला इअरफोन काढते. माझ्यासमोर कमरेत वाकून कोणी बोललेलं मला आठवत नव्हतं. मी तोंड मिटलं. पुन्हा उघडलं आणि "थँक यू" म्हणालो.

पेटी घेऊन मी मागच्या दाराकडे निघालो तर पाळकसाहेबांनी पायाने दार धरून ठेवलं होतं. "जड आहे का रे?" ते म्हणाले. "आण, मी घेतो."

घरी बायकोने पेटी पाहून विचारलं, "हे कोणी दिलं?"

"चर्चमधल्या कोरियन काकूंनी."

"सगळ्यांना दिलं?"

"नाही. म्हणजे, मला दिलं. सेक्रेटरी म्हणून."

"सेक्रेटरीला? यार, पुण्यात आपल्या सोसायटीच्या सेक्रेटरीला लोक लिफ्टमध्ये टोमणे मारतात."

पण पेअर इतके गोड आणि रसाळ होते की तपास तिथेच थांबला.

त्यानंतर दर रविवारी काहीतरी येत गेलं. समुद्री शेवाळाच्या कुरकुरीत पापड्यांची पाकिटं. लाल जिनसेंग मुळीच्या कडू रसाच्या पुड्या, ज्या काकूंच्या मते पास्टरचा घसा ठीक ठेवतात. सोनेरी कागदात बांधलेले मोज्यांचे सहा जोड. किमचीची, म्हणजे आंबवलेल्या तिखट कोबीची, एक बरणी, जिच्यामुळे आमच्या फ्रिजमधल्या दुधालाही कोबीचा वास लागला. माझ्या गाडीसाठी दाराजवळची जागा राखून ठेवलेली असायची, आणि मी येताना दिसलो की दोन कोरियन काका हात हलवून मला त्या जागेत असं आणायचे, जसं विमान धावपट्टीवरून आणतात.

एकदा काकूंनी मला हे सगळं कुठून येतं ते सांगितलं. त्यांचं लहानपण कोरियातल्या खेड्यात गेलं, घरात तांदळाची कायम चणचण. पण आई भात शिजवायला घेताना भांड्यातले मूठभर तांदूळ आधी एका कापडी पिशवीत काढून ठेवायची. ती पिशवी पास्टरची. मुलं उपाशी राहिली तरी त्या पिशवीला हात लागायचा नाही. "आईने कधी मूठ सैल केली नाही," काकू म्हणाल्या आणि त्यांनी स्वतःची मूठ घट्ट वळून मला दाखवली.

आमच्याही घरी असा डबा होता. आई पाळकासाठी त्यात ज्वारी टाकायची. पण महागाई वाढली की तिची मूठ लहान व्हायची, आणि पाळक डबा घेऊन गेले की आम्ही सगळे बसून त्यांच्या उपदेशातल्या चुका काढायचो. मी तर त्यांच्या खोकल्याची नक्कल करून घरच्यांना हसवायचो. हे मी काकूंना सांगितलं नाही. मी फक्त पाळकासारखी मान हलवली.

कारण तोवर मला पाळकासारखी मान हलवता येऊ लागली होती. माझी चाल संथ झाली, आवाज खाली आला, हात पोटावर बांधले जाऊ लागले. एकदा जेवताना मी मुलीला भाजी वाढायला सांगितली तर तिने कानातले दोन्ही इअरफोन काढले.

"डॅड, व्हाय आर यू टॉकिंग लाइक दॅट?"

"कसं?"

"लाइक यू आर ब्लेसिंग द भेंडी."

नोव्हेंबरच्या सुरुवातीला पहिला बर्फ पडला. उपासना संपवून आम्ही बाहेर आलो तर पार्किंगमध्ये सगळ्या गाड्या पांढऱ्या उशांसारख्या दिसत होत्या. फक्त माझी गाडी स्वच्छ. चारी काचा पुसलेल्या, आरसेसुद्धा, आणि शेजारी दोन कोरियन काका हातात ब्रश घेऊन उभे. मला पाहून ते वाकले. पार दुसऱ्या टोकाला पाळकसाहेब मुलीच्या जुन्या गाडीची काच एका प्लास्टिकच्या कार्डाने खरवडत होते. हातमोजे नव्हते. कार्ड या हातातून त्या हातात घेत ते मोकळ्या हातावर फुंकर मारत होते.

आम्ही गाडीत बसलो. बायको म्हणाली, "थांब ना, ब्रश आहे आपल्याकडे. साहेबांची काच पुसून देऊ."

"उशीर होतोय."

"कशाला उशीर?"

खरं कारण असं होतं की ते दोन काका अजून बघत होते. मी आणि पाळकसाहेब शेजारी शेजारी उभे राहिलो, मी त्यांना 'साहेब' म्हणालो, तर सगळं उघडं पडलं असतं. मी गाडी काढली. त्यांच्याजवळून जाताना काच खाली केली आणि हात हलवला. त्यांनीही कार्ड धरलेला हात हलवला.

पहिल्या सिग्नलला बायको म्हणाली, "ते लोक तुला काय समजतात?"

मी वायपर सुरू केला.

"अरे, काय समजतात?"

"पाळक."

ती हसायला लागली. सीटबेल्ट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मागून मुलगी "ओह माय गॉड, द सॉक्स!" म्हणाली आणि तीही हसायला लागली. मग बायको एकदम थांबली.

"आणि आपल्या पाळकसाहेबांना काय समजतात?"

"झाडलोट करणारे."

त्यानंतर गाडीत कोणी हसलं नाही. घराच्या गॅरेजमध्ये शिरताना ती म्हणाली, "हे तू सांगणार आहेस, की मी सांगू?"

"मी सांगतो. पुढच्या रविवारी. नक्की."

पुढच्या रविवारी मी वाक्य पाठ करून गेलो होतो. पण काकू माझ्याही आधी पॅसेजमध्ये उभ्या होत्या, चेहरा नुसता फुललेला. त्यांच्या चर्चने ठरवलं होतं की थँक्सगिव्हिंगच्या रविवारी दोन्ही मंडळ्यांनी एकच उपासना करायची आणि एकत्र जेवायचं. आणि त्याच दिवशी त्यांचा नातू शंभर दिवसांचा होत होता. कोरियन घरांत बाळाचे शंभर दिवस मोठ्या थाटात करतात. हा नातू तर मुलाच्या लग्नाला आठ वर्षं झाल्यावर आलेला. "आमचे पास्टर कोरियनमध्ये आशीर्वाद देतील," काकू म्हणाल्या. "मग तुम्ही तुमच्या भाषेत द्या. बाळाच्या डोक्यावर हात ठेवून."

इथे थोडं समजावून सांगायला हवं. उपासनेच्या शेवटी हात उचलून मंडळीला आशीर्वाद देणं, हे काम आमच्यातही आणि त्यांच्यातही फक्त दीक्षा झालेल्या पाळकाचं. प्रार्थना कोणीही करावी, उपदेशही एखाद वेळी कोणी करेल, पण तो हात दुसऱ्या कोणी उचलायचा नाही. लहानपणापासून मी हे इतकं पाहिलं आहे की खेळातसुद्धा आम्ही मुलं तो हात उचलायचो नाही. पेअर मी खाल्ले होते, मोजे घातले होते. पण एका बाईच्या आठ वर्षं वाट पाहिलेल्या नातवाच्या डोक्यावर खोटा हात?

काकू माझ्याकडे बघत होत्या. मी "येस" म्हणालो. म्हणजे तोंडातून तेच आलं.

मंगळवारी ऑफिसमधून थेट पाळकसाहेबांकडे गेलो. ते मुलीच्या टाउनहाउसमध्ये टेबलाशी बसून मटार सोलत होते. त्यांनी चहा ठेवला. मी कोट न काढताच बसलो.

"साहेब, मला एक कबूल करायचंय."

"पेअरचं का?"

मी कप खाली ठेवला. "तुम्हाला माहीत होतं?"

"अरे बाबा, माझ्यासमोर तुला पास्टर म्हणतात. मी म्हातारा झालोय, बहिरा नाही."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

ते उठले आणि त्यांनी फ्रिज उघडला. आत डब्यांवर डबे. रताळ्याच्या पिठाच्या शेवया, तळलेला मासा, तिळाच्या तेलातला पालक, कांद्याच्या पातीची धिरडी. "हे बघ," ते म्हणाले, "तुला पेटीतलं मिळतं. मला घरचं मिळतं. त्या बायकांना वाटतं, बिचारा म्हातारा एकटा आहे. माशाचा मधला तुकडा माझ्यासाठी काढून ठेवतात."

मला हसू आलं, पण हसायची हिंमत झाली नाही.

"चाळीस वर्षं मी लोकांच्या घरी गेलो," ते पुढे म्हणाले. "पुढच्या खोलीत, चांगल्या खुर्चीवर. चहा ट्रेमधून. स्वयंपाकघरात कोणी कधी बोलावलं नाही. पाळक आला की हसणारी माणसं गप्प व्हायची. इथे पहिल्यांदा कोणी माझ्या हातात सुरी देऊन म्हणालं, बस आणि मुळा काप. भाषा कळत नाही, पण त्या काय हसतात रे! मीही हसतो. आता तू खरं सांगितलंस की माझा मुळा गेला."

"म्हणजे सांगू नको?"

"सांगायलाच हवं. काकू तुला आशीर्वादाचं म्हणाल्या, ते मी ऐकलंय. बाळाचा प्रश्न आहे." ते पुन्हा मटाराला लागले. मग मान वर न करता म्हणाले, "पेअरचं मला काही वाटलं नाही. पण त्या बर्फाच्या दिवशी वाटलं. काच पुसायची राहिली म्हणून नाही. तू हात केलास ना, तो ओळख नसलेल्या माणसाला करतात तसा केलास."

"माफ करा," मी म्हणालो.

"केलं. चहा पी, निवतोय. आणि शनिवारी सकाळी त्यांची स्वयंपाकाची तयारी आहे, तिथे ये. तुझं तू सांगायचं. मी मध्ये पडणार नाही, मला काम असेल."

शनिवारी खरंच त्यांना काम होतं. स्वयंपाकघरात सात-आठ कोरियन बायका लांब टेबलाभोवती बसल्या होत्या आणि त्यांच्या मधोमध गुलाबी एप्रन बांधून आमचे पाळकसाहेब मुळ्याच्या काड्या कापत होते, सगळ्या एकसारख्या. मला पाहून बायका उठून उभ्या राहिल्या. मी म्हणालो, "बसा, बसा." त्या बसल्या नाहीत.

"काकू," मी म्हणालो, कारण आमची मुलं त्यांना काकूच म्हणत आणि त्यांनाही तो शब्द पाठ झाला होता. "मी पास्टर नाही."

काकूंनी ते बाकीच्यांना कोरियनमध्ये सांगितलं. सगळ्यांनी कौतुकाने माना हलवल्या. "आमचे पास्टरही असंच म्हणतात," काकू म्हणाल्या. "मी कोण, मी कोणीच नाही, असं."

"तसं नाही. मी खरंच नाही. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे."

"येशूचे शिष्यही मासे पकडायचे," काकू म्हणाल्या. एका बाईने डोळे पुसले. मी जितका नाकारत होतो तितका मी त्यांना नम्र वाटत होतो.

मग मी बोट दाखवलं. "आमचे पास्टर हे आहेत."

टेबलाभोवती हशा पिकला. पाळकसाहेबांच्या शेजारच्या बाईने तर त्यांच्या खांद्यावर थाप मारली. मग हळूहळू हसू ओसरलं, कारण मी हसत नव्हतो आणि पाळकसाहेबही हसत नव्हते.

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. "तुम्ही पास्टर?"

पाळकसाहेबांनी सुरी खाली ठेवली. "होय, बाई," ते मराठीतच म्हणाले, आणि मग इंग्रजीत, "फॉर्टी इयर्स."

त्यानंतरचं दृश्य मी विसरणार नाही. एका बाईने तोंडावर हात घेतला. गेल्याच रविवारी तिने त्यांना तेलकट कढई घासायला दिली होती. दुसरी घाईघाईने त्यांच्या पुढचा मुळा उचलून घेऊ लागली. काकू टेबलाला वळसा घालून आल्या आणि पाळकसाहेबांपुढे इतक्या वाकल्या की कपाळ टेबलाला लागेल असं वाटलं. पाळकसाहेब गडबडून उठले आणि तेही वाकले. मग काकू आणखी वाकल्या. मग ते. काकूंनी त्यांच्या गळ्यातला गुलाबी एप्रन सोडवला आणि घडी करून दोन्ही हातांनी बाजूला ठेवला. खोलीतली सगळ्यात चांगली खुर्ची आली. पाळकसाहेब तिच्यावर बसले आणि मुळ्याकडे बघत राहिले.

माझ्याकडे मात्र काकूंनी एकदाही पाहिलं नाही. मी "सॉरी" म्हणालो, दोनदा. त्या पाठमोऱ्याच होत्या. रात्रभर मी हिशेब मांडत होतो: हॉल जाईल, दहा-बारा घरांची उपासना माझ्यामुळे रस्त्यावर येईल. आणि हॉल नाही गेला तरी, त्या बाई पुन्हा माझ्याशी कधी बोलतील का?

रविवारी वरचं सभागृह भरलं होतं. आम्ही मराठी मंडळी पहिल्यांदाच वर गेलो होतो. शेवटी कोरियन पास्टरांनी हात उचलला, आणि मग आमच्या पाळकसाहेबांना पुढे बोलावलं. काकूंची सून बाळ घेऊन उभी राहिली, रेशमी रंगीत कपड्यांत गुंडाळलेलं. पाळकसाहेबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि मराठीत आशीर्वाद दिला. बाळाने त्यांचा चष्मा ओढला. त्यांनी चष्म्याशिवायच आशीर्वाद पूर्ण केला. तो त्यांना गेली चाळीस वर्षं पाठ होता.

खाली जेवणाची पानं मांडली होती. भात, सूप, मासा, आमच्या बायकांनी आणलेला पुलाव आणि कोथिंबीर वडी. आमचे पाळकसाहेब मधल्या टेबलाच्या टोकाशी, कारण कोरियन पास्टर वयाने लहान, त्यांनी ती जागा मोठ्यांना दिली. सगळे बसले. कोणीच खाईना.

तेव्हा मला कळलं की तिथे पाळकाने चमचा उचलल्याशिवाय कोणी घास घेत नाही. आणि आमचे पाळकसाहेब चमचा उचलत नव्हते. मी त्यांच्या कानाशी गेलो.

"साहेब, सुरू करा. सगळे तुमच्यासाठी थांबलेत."

"आणि त्या बायका?" त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. काकू आणि बाकीच्या जणी तिथे एप्रन बांधून उभ्या होत्या. "ज्यांनी रांधलं त्या उभ्या, आणि मी जेवू?"

मी दाराशी गेलो. काकू माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आम्ही नंतर जेवतो. पास्टर आधी."

"ते तुम्ही बसल्याशिवाय जेवणार नाहीत."

"पास्टरने आधी जेवायला हवं."

"पास्टर म्हणतायत तुम्ही आधी बसा."

हॉलमध्ये शंभरेक माणसं सूप निवताना बघत होती. आमच्यातला एक मुलगा मोठ्याने म्हणाला, "कॅन वी ईट ऑर नॉट?" काकूंच्या कपाळावर आठी पडली. पाळकाचा मान राखायचा तर त्याच्या आधी बसायचं नाही; पण पाळकाचं ऐकायचं तर बसायलाच हवं. मग त्यांनी एप्रन सोडला, काहीतरी खणखणीत हुकूम दिला आणि सगळ्या जणी रांगेने येऊन पाळकसाहेबांच्या टेबलाशी बसल्या. काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी काकूंकडे, आणि दोघांनी एकदमच चमचा उचलला. हॉलभर भांड्यांचा आवाज सुरू झाला.

वाढायला कोणी उरलं नव्हतं, म्हणून मी आणि आमचे तीन-चार इंजिनिअर स्वयंपाकघरात शिरलो. मी सुपाच्या पातेल्यापुढे उभा राहून वाट्या भरत होतो. थोड्या वेळाने मागे पावलं वाजली. काकू एकट्याच आल्या होत्या.

"तू," त्या म्हणाल्या. 'पास्टर' गळून पडलं होतं. "का नाही सांगितलंस?"

बऱ्याच गोष्टी मी तयार करून ठेवल्या होत्या, गैरसमज, घाई, भाषा. त्यांच्या तोंडाकडे पाहिल्यावर त्यातली एकही निघाली नाही.

"मला आवडायचं," मी म्हणालो. "तुम्ही वाकायचात, ते मला आवडायचं."

त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या पाठीत असा सणसणीत धपाटा घातला की पळीतलं सूप माझ्या टायवर सांडलं. माझी आई घालायची, तस्सा. पाळकाच्या पाठीत कोणी धपाटा घालत नाही. दाराशी आलेल्या दोन बायका खो खो हसल्या, आणि काकूही हसल्या, तोंडावर हात न घेता.

"शनिवारी," त्यांनी बोट रोखून सांगितलं, "सकाळी सात. जुने कपडे. थंडीची किमची घालायची आहे, गाडीभर कोबी येणार आहे. पहिल्या बरण्या पास्टरांच्या, दोन्ही पास्टरांच्या. मीठ तू चोळायचं."

"येतो."

बाहेर आलो तर पाळकसाहेबांनी मला खुणेने जवळ बोलावलं. त्यांच्या ताटात माशाचे चार तुकडे होते आणि पाचवा येत होता. "काय म्हणाल्या?" त्यांनी विचारलं. मी कोबीचं सांगितलं. त्यांचे डोळे चमकले. "मलाही घ्या म्हणावं. मी कापेन नुसता. एका कोपऱ्यात बसेन. तू जरा शब्द टाक ना."

मी स्वयंपाकघरात परत गेलो आणि शब्द टाकला. काकूंनी दुसरा धपाटा घातला.